खान्देशात हिशेबनिसाची नोकरी धरताना

दाणाबाजारातल्या जुन्या पेढीवर टॅलीसमोर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर, बसलेल्या पंचविशीतल्या पोराला शेठ अजून ‘मुनीमजी’ म्हणूनच हाक मारतात. पोरगा स्वतःला अकाउंटंट म्हणवतो. आणि पगारपत्रक असलंच, तर त्यात ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ लिहिलेलं असतं. एकाच खुर्चीची ही तीन नावं, पण त्यांचे पगार तीन आहेत आणि जबाबदाऱ्याही तीन. नवख्याची पहिली चूक इथेच होते: काम मुनीमजीचं, जबाबदारी अकाउंटंटची आणि पगार ऑपरेटरचा.

मी जिनिंगच्या (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) ऑफिसात सुरुवात केली, नंतर एका दालमिलमध्ये होतो, आता पाच-सहा दुकानांचे हिशेब पार्टटाइम बघतो. बीकॉम झालेली पोरं-पोरी भेटायला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘दादा, टॅलीला स्कोप आहे का?’ टॅली १९८६ पासून आहे, ती कुठे जात नाही. पण नुसत्या एंट्र्या मारण्याचं काम आटत चाललंय, हे खरं. बँकेचं स्टेटमेंट आता सॉफ्टवेअर आपणच ओढून घेतं. बिलाचा फोटो वाचून एंट्री टाकणारी साधनं आली आहेत. मात्र कापसाला घट (वजनातली तूट) किती धरायची, मोडीत आलेलं सोनं कोणत्या खात्याला घ्यायचं, केळीच्या पट्टीतून (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदातून) उचल, म्हणजे आधी दिलेले पैसे, कशी वळती करायची, हे त्या साधनाला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणाऱ्याला खान्देशात काम आहे. म्हणून टॅलीच्या आधी माल शिका.

पहिली पायरी: कोणत्या मालाचा हिशेब लिहायचा ते ठरवा

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे तीन वेगळ्या बाजारपेठा, आणि प्रत्येकीची वही वेगळी. आपल्या गावापासून कोणता माल जवळ आहे ते आधी बघा.

जिनिंग. जामनेर, धरणगाव, बोदवड, चोपडा, शिरपूर, जिथे कापूस आहे तिथे जिनिंग आहे. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. काम शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही, कारण इथे एका मालाचे तीन माल होतात. १०० क्विंटल कापूस आत गेला की साधारण ३४ क्विंटल रुई, ६४ क्विंटल सरकी निघते आणि उरलेली घट. गठाण १७० किलोची, म्हणजे त्या ३४ क्विंटलच्या २० गठाणी झाल्या. रुईचा भाव मात्र खंडीवर बोलला जातो, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. कापूस क्विंटलमध्ये घ्यायचा, मोजायचा गठाणीत आणि विकायचा खंडीत. ही तीन मापं डोक्यात बसली नाहीत तर टॅलीतला साठा आणि शेडमधला साठा कधीच जुळणार नाही.

माझं तेच झालं. पहिल्या हंगामात मी रुई वजा जाता उरलेला सगळा माल सरकी म्हणून धरला. घट नावाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती. १०० क्विंटलमागे दोनच क्विंटलची चूक. पण सात हजार क्विंटल कापूस आत येईपर्यंत पुस्तकात १४० क्विंटल सरकी जास्त दिसायला लागली. कॅश क्रेडिटवाल्या, म्हणजे साठ्यावर कर्ज देणाऱ्या, बँकेचा माणूस साठा तपासायला आला तेव्हा ती शेडमध्ये नव्हती. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, ‘सरकी खाल्ली का रे ढोरांनी?’ हमालसुद्धा हसले. त्या संध्याकाळी फोरमनशेजारी बसून मी उतारा म्हणजे काय, कच्च्या मालातून कोणता माल किती निघतो, ते शिकलो. पहिल्या दिवशीच बसायला हवं होतं.

जिनिंगमध्ये कराची एक गंमत आहे, मुलाखतीत ती हमखास विचारतात. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने कापूस थेट शेतकऱ्याकडून घेतला, तर ५ टक्के जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा असतो. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. तो रोख खात्यातूनच भरावा लागतो, जमा क्रेडिटमधून (खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या वजावटीतून) नाही. भरल्यावर मात्र त्याचंच क्रेडिट मिळतं. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतला तर बिलावर त्यानेच कर लावलेला असतो. काटापावतीवर विकणाऱ्याचं नाव नीट लिहिलं नसेल तर महिनाअखेरीला हे दोन ढीग वेगळे करताना नाकी नऊ येतात. म्हणून काट्यावरच्या माणसाशी दोस्ती करा. चहा तुम्ही पाजा.

सराफी. जळगावच्या सोन्याचं नाव बाहेर आहे, हिशेबही तितकाच कडक. इथे प्रत्येक खात्याला दोन रकाने, रुपये आणि ग्रॅम. कारागिराला दिलेलं सोनं ही विक्री नव्हे, ते त्याच्या धातू खात्यावर नावे पडतं. दागिना आला की घट वजा करून जमा होतं आणि मजुरी वेगळी निघते. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के, कारागिराच्या जॉबवर्कवर ५ टक्के. गिऱ्हाईक दोन लाखांच्या वर गेलं की पॅन घेतलाच पाहिजे, आणि एका गिऱ्हाइकाकडून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही. बिलं तोडून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं भेटतील. ती मालकाकडे पाठवा, स्वतः उत्तर देऊ नका. सराफीत नोकरी ओळखीशिवाय मिळणं अवघड, कारण भरवसा आधी बघतात आणि शिक्षण मागाहून. पण एकदा बसलात की लोक वीस-वीस वर्षं तिथेच असतात.

केळी. रावेर, यावल, सावदा, फैजपूर हा पट्टा. ताज्या केळीला जीएसटी नाही, म्हणून पोरांना वाटतं इथे हिशेबच नाही. उलट आहे. शेतकऱ्याला लागवडीपासून दिलेली उचल, कटनीची मजुरी, ट्रकचं भाडं, दिल्लीकडच्या व्यापाऱ्याकडे अडकलेली उधारी आणि वाटेत पिकून गेलेला माल, या सगळ्याचा मेळ पट्टीवर बसवायचा असतो. भाव रोज बदलतो. शेतकरी दारात उभा राहून विचारतो, ‘मनी पट्टी कितली बननी भो?’ (माझी पट्टी किती झाली भाऊ?) तेव्हा कॉम्प्युटर बंद असला तरी सांगता आलं पाहिजे. एक नियम पाठ ठेवा: धंद्यात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, पण शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला असेल तर त्याला सूट आहे. मधल्या व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीला ती सूट नाही. म्हणून केळीच्या वहीत शेतकरी कोण आणि व्यापारी कोण, हे नावासमोर लिहून ठेवायचं.

दालमिलमध्ये जिनिंगसारखाच उताऱ्याचा खेळ, फक्त रुईच्या जागी डाळ आणि सरकीच्या जागी चुनी. सुटी डाळ करमुक्त, पण छापील पाकिटात २५ किलोपर्यंत भरली की ५ टक्के. हा नियम १८ जुलै २०२२ पासूनचा आहे. एकाच गिरणीतून दोन्ही प्रकारचा माल जात असेल तर क्रेडिटची वाटणी करावी लागते, आणि तिथेच नवखा अडकतो. नंदुरबारकडे मिरची आहे. हंगामात पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरलेला असतो, दिसायला सुंदर, पण ऑफिस वाऱ्याच्या दिशेला असेल तर शिंकून शिंकून एंट्री करावी लागते. हे थट्टेत सांगत नाही. दमा असेल तर तिकडे जाऊ नका.

जळगाव, धुळ्याजवळचं अवधान, नरडाणा इथल्या एमआयडीसीतले पाइप, चटई, तेलाचे कारखाने म्हणजे वेगळी जात. तिथे कामाची वाटणी असते: एक जण खरेदी बघतो, एक विक्री, एक पगार. शिस्त शिकाल, पीएफ मिळेल, पण पूर्ण ताळेबंद बघायला पाच वर्षं लागतील.

दुसरी पायरी: काय शिकायचं, काय नाही

बीकॉम असेल तर बरं. विद्यापीठाच्या पदवीने दार उघडतं, पण पुस्तक लिहिता येतं असं कुणी मानत नाही. एमएस-सीआयटी सरकारी-निमसरकारी अर्जाला लागते, ती करून टाका. टॅलीचा क्लास लावताना एकच गोष्ट विचारा: इथे खरी बिलं हातात देतात का? छापील उदाहरणं सोडवून घेणाऱ्या क्लासची फी वाया. दोन महिने पुरतात. सहा महिन्यांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्सचं रंगीत सर्टिफिकेट मी आजवर एकाही शेठला वाचताना पाहिलेलं नाही.

त्याऐवजी एक्सेल शिका, मनापासून शिका. दोन याद्या एकमेकींशी ताडून न जुळणाऱ्या नोंदी बाहेर काढणं, एवढं एक काम ज्याला सफाईने येतं त्याला जीएसटीचं निम्मं काम येतं. हिंदी बोलता आली पाहिजे, कारण वसुलीचे फोन बऱ्हाणपूर, इंदूर, दिल्लीला लावायचे असतात. धुळे-नंदुरबारच्या काही जुन्या पेढ्यांत गुजराती आकड्यांच्या वह्या अजून निघतात. ते दहा आकडे एका दुपारी शिकून होतात.

जुने शब्दही घ्या. रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही), खतावणी (खातेवार वही), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), ताळेबंद. पतसंस्था आणि विकास सोसायट्यांच्या दप्तरात हेच शब्द आहेत, आणि लेखापरीक्षकही त्याच भाषेत विचारतो.

तिसरी पायरी: मामाच्या दुकानाची वही

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हा फेरा तोडायचा एकच उपाय मी सांगतो. घरात, गल्लीत कुणाचं तरी किराणा, कृषी सेवा केंद्र, मेडिकल असेल. त्यांच्याकडून एका महिन्याची खरेदीची बिलं, विक्रीची वही आणि बँकेचं पासबुक मागून घ्या. सगळं टॅलीत टाका. बँकेचा मेळ घाला. तेरीज काढा. न जुळलेली रक्कम का जुळली नाही ते शोधा, आणि नाही सापडली तर तसं लिहून ठेवा. दुकानाचं नाव झाकून त्या महिन्याचा छापील संच फाइलमध्ये लावा.

मुलाखतीला ही फाइल न्या. शेठ बायोडाटा बाजूला ठेवतील, फाइल उघडतील. बहुतेक जण ट्रायल म्हणून बिलांचा गठ्ठा पुढे टाकतात, ‘हे टाकून दाखव.’ टाकायच्या आधी गठ्ठा तारखेप्रमाणे लावा, खरेदी-विक्री वेगळी करा, नाव नसलेली बिलं बाजूला काढा. शेठ वेग बघत नसतात, हात कसे चालतात ते बघत असतात.

चौथी पायरी: काम शोधायचं कुठे

महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवा, मोबाइलवरची नोकरीची ॲप्स ठेवा, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. आपल्याकडे ही नोकरी तोंडी मिळते. तीन माणसांना माहीत असलं पाहिजे की तुम्ही काम शोधताय: सीएच्या ऑफिसातला सीनियर, टॅलीचं लायसन्स विकणारा-दुरुस्त करणारा, आणि बाजार समितीतला एखादा आडत्या. सीएकडे रोज कुठल्या ना कुठल्या व्यापाऱ्याचा फोन येतो, ‘साहेब, एखादा पोरगा बघा.’ जळगावात गोलाणी मार्केटसारख्या संकुलांतून मजला-मजला फिरलात तर एका दिवसात वीस ऑफिसं होतात. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, आणि महिन्याच्या १० आणि २० तारखेच्या आसपास तर मुळीच नको. त्या दिवशी कुणी मान वर करत नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सीए किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात काढा. पगार कमी, बोलणी जास्त. पण एका वर्षात चाळीस धंद्यांच्या वह्या बघायला मिळतात. खाजगी पेढीत एकच बघायला मिळते.

सहकारी क्षेत्राचं वेगळं. पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, विकास सोसायट्या. जिल्ह्यातल्या काही पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवीदारांसमोर खिडकीत बसलेला कारकूनच होता, संचालक नव्हते. ते आठवून आधी संस्थेचा मागचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यात मिळालेला वर्ग बघा, मग अर्ज करा. तरी या क्षेत्रात काम वाढतंय. देशभरातल्या ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या, म्हणजे याच विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि जुनी दप्तरं संगणकावर चढवायला हिशेब कळणारी माणसं लागतात. इकडे जायचं असेल तर सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका) परीक्षा द्या. पास झालात की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेचा रस्ता उघडतो.

पाचवी पायरी: पगार बोलताना

माझ्या पाहण्यातला अंदाज सांगतो. तालुक्याच्या गावी नवख्याला आठ-दहा हजारांवर बसवतात, जळगाव-धुळ्यात त्याहून दोन-तीन हजार जास्त. जीएसटी रिटर्नपर्यंत सगळं स्वतः करणारा, पाच-सात वर्षांचा माणूस वीस ते तीस हजारांत असतो. त्याच्या वरचे पगार कारखान्यांत किंवा पुण्या-सुरतेला. आपल्याकडचे पगार कमी आहेत, यात लपवण्यासारखं काही नाही. दुकाने आणि आस्थापनांसाठी सरकारने किमान वेतन ठरवलेलं आहे, त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर चालू दर बघूनच बोलणीला बसा. पुष्कळदा कबूल केलेला पगार त्याच्याही खाली असतो.

रकमेपेक्षा या गोष्टी आधी पक्क्या करा. पगार बँकेत जमा होणार की हातात? बँकेत मागा, उद्या गृहकर्जाला तेच कामी येतं. पीएफ आहे का? २० माणसांची आस्थापना असेल तर तो द्यावाच लागतो. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, १० माणसांपासून आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला. तुमच्या पगारातून त्याचे फक्त पाऊण टक्का जातात आणि घरच्यांच्या आजारपणाला आधार होतो. व्यवसाय कर कापत असतील तर बायांनी बघावं: महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलेला तो लागत नाही. कित्येक ठिकाणी जुन्या सवयीने २०० रुपये कापले जातात आणि कुणी विचारत नाही.

नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांचाही त्यावर भर आहे. ‘आपल्यात कसले कागद, घरच्यासारखंच समज’ असं उत्तर आलं तर हसून म्हणा, ‘शेठ, बँकेला द्यायचंय.’ बँकेच्या नावाने मिळतं.

मुलींसाठी एक जास्तीचा प्रश्न: सुट्टी किती वाजता? बाजारातल्या पेढ्या रात्री आठ-नऊपर्यंत उघड्या असतात आणि शेवटची एसटी त्याआधी निघून जाते. सहाला सुटका हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. बरेच मालक ऐकतात, कारण मुलींची वही स्वच्छ असते, असं ते स्वतःच म्हणतात.

सहावी पायरी: महिना तारखांवर चालतो

भिंतीवर कालनिर्णय टांगा आणि लाल पेनाने गोल करा. ७ तारीख, मागच्या महिन्याचा टीडीएस भरायची. ११ तारीख, जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न. १४ ला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे समोरच्यांनी तुमच्या नावे दाखवलेली बिलं. १५ पीएफ आणि ईएसआयसी. २० तारीख, ३बी (महिन्याच्या विक्री, क्रेडिट आणि कराचं गोळाबेरीज रिटर्न) आणि कर. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या आत असलेल्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे, त्यांना ३बीसाठी महाराष्ट्रात २२ तारीख मिळते, पण कर दर महिन्याला भरावाच लागतो.

यात ११ तारीख सगळ्यांत जड झाली आहे. आधी जीएसटीआर-१ मध्ये चूक झाली तर ३बी भरताना आकडा हाताने सुधारता यायचा. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून तो आकडा कुलूपबंद झाला. दुरुस्ती करायची तर ३बीच्या आधी जीएसटीआर-१ए हा दुरुस्तीचा फॉर्म भरून. म्हणून १० तारखेच्या रात्री विक्रीची यादी बिलबुकाशी ताडून बघा, क्रमांक तुटलाय का बघा, रद्द बिलं बघा. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड, निरंक रिटर्नला २०. रक्कम छोटी, पण ती कुणाच्या पगारातून जाणार ते मालकाला आधीच विचारून ठेवा.

२बी आलं की खरेदीशी जुळवा आणि ज्या व्यापाऱ्याने बिल दाखवलेलं नाही त्याला त्याच दिवशी फोन करा. गोड बोला. ‘भाऊ, आमचं क्रेडिट अडकलंय’ एवढं पुरतं.

माल पाठवताना ई-वे बिल, म्हणजे गाडीसोबतचा पोर्टलवर काढलेला कागद. राज्याबाहेर ५०,००० च्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. नवापूरहून गुजरात आणि शिरपूर-रावेरहून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ‘जवळच तर जायचंय’ म्हणून ड्रायव्हर घाई करतो आणि गाडी सीमेवर अडकते. आणखी एक: १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले आहेत, असेसमेंट इयर हा शब्दच गेला. जुन्या मुनिमांना पाठ असलेली कलमं आता उपयोगाची नाहीत, नव्या पोरांना बरोबरीने बसायची ही संधी आहे.

जागा कशी असते

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, आणि हिशेबनिसाचा मार्चअखेर नेमका त्यालाच जोडून असतो. कूलर नसलेली पेढी घेऊ नका, हे मी पगाराइतकंच गांभीर्याने सांगतो. वीज गेली तर बॅटरी बॅकअप आहे का ते बघा. नसेल तर दर अर्ध्या तासाला बॅकअप घ्यायची सवय लावा, आणि रोज रात्री एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून मालकाच्या हातात द्या. जिनिंगमध्ये कापसाची धूळ, तोंडाला रुमाल बांधूनच शेडमध्ये जा.

वेळ कागदावर दहा ते सात. प्रत्यक्षात दिवाळीच्या आधी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरात ऑडिटच्या वेळी रात्री घरी शेवभाजी थंड होते. साप्ताहिक सुट्टी आणि जादा वेळेचा दुप्पट मोबदला कायद्यात आहे, पण छोट्या पेढीत तो मागणारा मी पाहिलेला नाही. त्याऐवजी बदली सुट्टी मागा, ती मिळते. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन असतं, त्या रात्री सुट्टी मागू नका. पहिलं नाव तुमच्या हाताने लिहायला देतात आणि बोनसचं पाकीटही तेव्हाच.

बँकेत रोकड भरायला एकट्याने जायचं नाही. कुणी पाठवलं तर सोबत माणूस मागा. गल्ल्याची चावी तुमच्याकडे असेल तर रोज संध्याकाळी नोटा मोजून रोजमेळावर मालकाची सही घ्या. एकदा माझ्या गल्ल्यात चार हजार कमी भरले आणि दोन महिने पगारातून कापले गेले. नंतर कळलं, मालकाच्या धाकट्या भावाने दुपारी घेतले होते. सही घ्यायची सवय मला तिथून लागली.

सातवी पायरी: या गोष्टींना नाही म्हणा

पक्की वही एक आणि कच्ची दुसरी, हे तुम्हाला बघायला मिळेल. तुम्ही एकटे ते बंद करू शकत नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या केल्या तर मालक सुटेल आणि तुम्ही अडकाल.

तुमच्या आधार-पॅनवर फर्म काढू देऊ नका. ‘फक्त नावाला, तुझ्या नावाने एक जीएसटी नंबर काढू, महिन्याला दोन हजार जास्त देतो’ हे वाक्य ऐकलं की दुसरी नोकरी शोधायला लागा. बोगस बिलांच्या साखळीत नंबर ज्याच्या नावावर, नोटीस आधी त्याच्या दारात येते. गावातला गरीब पोरगा कोट्यवधींच्या उलाढालीचा मालक निघाल्याच्या बातम्या याच वाटेने येतात.

पोर्टलवर तुमचा मोबाइल नंबर आणि ईमेल देऊ नका, ओटीपी मालकाच्या फोनवर गेला पाहिजे. मालकाची डिजिटल सही तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लागली तर कधी, कशासाठी वापरली त्याची वही ठेवा. कोऱ्या चेकवर मालकाच्या सह्या घेऊन ठेवणं सोयीचं वाटतं, पण एक जरी हरवला तरी बोट तुमच्याकडे. आणि तोंडी सांगितलेली जुन्या तारखेची एंट्री व्हॉट्सॲपवर लिहून मागा. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं सक्तीचं आहे: कोणी, कधी, काय बदललं ते सगळं राहतं, आणि तिथे लॉगिन तुमचं असतं.

पुढची वाट

दोन-तीन वर्षांनी फाटा येतो. एक रस्ता सुरत-पुण्याचा. खान्देशातली निम्मी गावं सुरतेत नातेवाईक राखून आहेत, राहायची सोय होते, पगार वाढतो, भाड्यात जातो. दुसरा रस्ता पार्टटाइमचा, मी निवडलेला. सकाळी एका कृषी केंद्राचं, दुपारी मेडिकलचं, आठवड्यातून दोनदा एका ट्रान्सपोर्टवाल्याचं. एक गिऱ्हाईक गेलं तरी बाकीची असतात. मात्र वसुली स्वतःची स्वतः करावी लागते, आणि दुसऱ्यांची उधारी लिहिणाऱ्याला स्वतःची मागायला लाज वाटते हा आमच्या लोकांचा जुना रोग. पाच-सहाच्या वर दुकानं घेऊ नका, ११ तारखेला दिवस पुरत नाही. तिसरा रस्ता घरून पुण्या-मुंबईच्या सीए ऑफिसांची कामं करण्याचा. तालुक्याच्या गावी इंटरनेट बरं झाल्यापासून काही मुली हे चांगलं करत आहेत. यात माल दिसत नाही, म्हणून सुरुवात इथून करू नका.

सोडताना

मार्च आणि सप्टेंबर सोडून कधीही सोडा. महिनाभर आधी लेखी सांगा. शेवटच्या दिवशीची तेरीज, बँकेचा मेळ, रोख शिल्लक, न आलेल्या बिलांची यादी, सगळ्या पोर्टलचे पासवर्ड, असा एक कागद करा, दोन प्रती. पासवर्ड मालकासमोर बसून बदलवून घ्या. पाच वर्षं पूर्ण असतील आणि दहा माणसांची आस्थापना असेल तर ग्रॅच्युइटी विचारा, बऱ्याच जणांना ती मागायचीच माहीत नसते. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी घ्या, नंतर चकरा माराव्या लागतात. दोन्ही प्रतींवर चाव्या आणि डिजिटल सही परत मिळाल्याचं मालकाच्या अक्षरात लिहून घ्या, खाली तारीख आणि वेळ घाला, आणि आपली प्रत घरी जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवा.